आबांबद्दल लिहिताना

पोरी,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या प्रथम पुण्यस्मरणासाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. शुद्धलेखन चांगलं आहे, पण आबा त्यात कुठं दिसत नाहीत. 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख' हे शब्द प्रेसवाल्याकडं तयारच असतात. नाव आणि फोटो बदलला की जाहिरात झाली. मागं चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांना त्यानं हसतमुख केलं होतं, त्यांना कुर्डुवाडीत कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

आबा मनमिळाऊ नव्हते, हे तुलाही ठाऊक आहे. बांधावरून चुलतभावाशी धरलेला अबोला त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पण त्याच भावाच्या बोअरचा स्टार्टर बिघडला, की हे पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन निघायचे. जळालेले पॉइंट घासायचे, मोटर चालू झाली की हात पुसून परत. एक अक्षर बोलायचे नाहीत, चहाला थांबायचे नाहीत. हे लिही. घरच्यांना आवडणार नाही, तुझ्या काकाला तर अजिबात नाही. त्याला सांग, सरांनी लिहायला लावलं.

तू 'रेल्वेत प्रामाणिकपणे नोकरी केली' एवढ्यावर आटोपलंस. अगं, आबांची सगळी ऐट त्या नोकरीत होती. कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी 1897 साली सुरू झाली, पुढं तिचे रूळ पंढरपूर, लातूर करत 1927 मध्ये मिरजेला पोचले. 1954 मध्ये ती चालवणारी बार्शी लाइट रेल्वे कंपनी जाऊन सरकार आलं. आबा चिकटले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तरी 'कंपनीच्या टायमाला' असं काही ते ज्येष्ठ फिटरांच्या तोंडून ऐकलेलं सांगायचे, की जणू स्वतः पाहिलंय. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. माथेरानच्या गाडीचं दोन फूट. तिचे डबे दुरुस्तीला आपल्या वर्कशॉपात येत, तेव्हा आबांचा ठरलेला शेरा असे: "आपल्यापेक्षा सहा इंच कमीच हाय." त्या सहा इंचांचा अभिमान तुझ्या मजकुरात आला, तर 'प्रामाणिकपणे' हा शब्द खुशाल खोडून टाक.

आता तुझा प्रश्न: हे सगळं मिळवायचं कुठून? तू पुण्याला, आणि आजी काही बोलत नाही.

आजी बोलते, पण समोर मोबाइल धरून "आबांबद्दल सांग ना" म्हटल्यावर नाही. तसं विचारलं की ती "चांगले होते बाई" म्हणून पदर डोळ्याला लावणार. ज्वारी निवडायला बसली की तिच्या शेजारी जाऊन बस, सुपातले खडे तूही वेच, आणि बारीक काहीतरी विचार. वर्कशॉपात डब्यात काय न्यायचे? कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, हे ती सांगेल. मग आपण होऊनच सांगेल की चटणी त्यांना जाडीभरडी लागायची, मिक्सरवरची चालायची नाही, आणि मिक्सर घरात आल्यावर पहिला महिना त्यावरून काय महाभारत झालं. प्रश्न जेवढा लहान, तेवढं माणूस जास्त बोलतं. वर्गात हे मला पोरांनी शिकवलं.

गावातही विचार. तू आलीस की घर आणि स्टेशन एवढंच करतेस. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचा एखादा म्हातारा अजूनही विचारतो, "आबा बरे हायत का?" बातमी त्याच्यापर्यंत गेलेली नसते. अशा वेळी "गेले की हो" म्हणून पुढं निघू नकोस. थांब. तो आधी हळहळेल, मग कधीतरी आबांनी त्याच्या ट्रंकेचं कुलूप कसं उघडून दिलं ते सांगेल. किल्ली हरवलेली, पोरीचं लग्न दोन दिवसांवर, दागिने आत, असं काहीतरी. ही माणसं आता थकत चालली आहेत, त्यांच्याकडचं त्यांच्यासोबत जाणार. फ्लेक्स दहा दिवसांनी उतरवतात आणि तो कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. ते तू पुन्हा कधीही छापू शकतेस. म्हाताऱ्याचं तसं नाही.

ऐकलेलं त्याच दिवशी वहीत उतरव, सांगणाऱ्याच्या शब्दांत. 'हाय'चं 'आहे' करू नकोस.

आणि माळ्यावरचे डालडाचे डबे. भंगारवाल्याला देण्याआधी आतलं बघ. एकात सायकलच्या ट्यूबचे तुकडे असतील. गल्लीतल्या निम्म्या नळांना आबांनी त्या ट्यूबचे वायसर कापून बसवलेत. सगळे डबे ठेवायचा हट्ट धरू नकोस, आजीला माळा हवाय. एक ठेव आणि त्याचं सामान वापर. नळ गळायला लागला तर प्लंबरला फोन करण्याआधी एकदा स्वतः वायसर कापून बघ. जमलं नाही तर प्लंबर आहेच.

आबांचा मोबाइल आजी अजून रिचार्ज करून घेते, असं तू लिहिलंस. तिला अडवू नकोस. पण त्यांनी तुला पाठवलेले आवाजी निरोप, ते 'पोचलीस का? डबा खाल्लास का?' वाले, आजच दुसरीकडं उतरवून ठेव. तुझा फोन कधी पडेल सांगता येत नाही. शिवाय रिचार्ज थांबला की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला जातो. मग एक दिवस आबांच्या नावासमोर कुण्या पोराचा गॉगल घातलेला फोटो दिसतो. माझ्या बाबतीत झालंय. त्यावर हसावं की काय करावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तारीख की तिथी, हेही विचारलंस. पेपरातली जाहिरात तारखेला येते, आजीचं सगळं तिथीला असतं आणि दोन्ही क्वचितच एका दिवशी येतात. रजा तिथीला टाक. तारखेला तुझ्याशिवाय काही अडत नाही. तिथीला पुरण वाटायला आणि आजीजवळ बसायला माणूस लागतं. पुढं पक्षात पानावर विडी ठेवायची की नाही, यावरूनही घरात वाद होणार. ठेवा. डॉक्टरांनी बंद केलेली विडी आबा कुठं लपवायचे हे कावळ्यालासुद्धा माहीत होतं.

अजून एक काम आहे. फॅमिली पेन्शन चालू राहायची तर आजीचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, आजीला अजून ती सवलत नाही. आतापर्यंत असली कागदपत्रं आबा बघायचे. काका नेईल, पण तो स्कूटर चालूच ठेवून बाहेर उभा राहणार. दोन दिवस काढून तूच ये. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आजी घाबरेल. तिला आधी हात धुऊन कोरडे करायला लाव. मशीनवर नाहीच जमलं, तर बँकेतून कागदी दाखला भरून घे. त्या आठवड्यात बँकेच्या बाकावर वर्कशॉपची जुनी मंडळी आणि त्यांच्या बायका तासन्‌तास बसलेल्या असतात, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं. वही बरोबर घे. येण्याचा दिवस ठरला की कळव, मलाही माझा दाखला द्यायचा आहे.

तुझे सर