स्पेस ऑपेरात गाणी कुठायत?

प्रश्न असा आलाय की 'स्पेस ऑपेरा'ला, म्हणजे यानं, आकाशगंगा, लढाया असल्या भव्य पसाऱ्याच्या साहसी विज्ञानकथांना, मराठीत काय म्हणायचं, एका ठिकाणी 'अंतराळ संगीतिका' असं छापलेलं वाचलं ते बरोबर आहे का, आणि मुळात त्यात कोणी गातच नाही तर ऑपेरा कशाला म्हणतात.

'अंतराळ संगीतिका' नको हो. शब्दावर शब्द ठेवला की असं होतं, वाचणाऱ्याला वाटणार यानात तंबोरे जुळवून बसलेत. ऑपेरा म्हणजे संगीतिका हे खरंय, पण हा शब्द नाट्यगृहातून थेट आकाशात गेलेला नाही, मधे घोड्यांच्या आणि साबणाच्या मुक्कामी थांबून आलाय. अमेरिकेत घोडे, बंदुका, धूळ असल्या ठराविक साच्याच्या वेस्टर्न पिक्चरांना चेष्टेनं 'हॉर्स ऑपेरा' म्हणायचे. मग 1930च्या दशकात रेडिओवर रोजच्या रडक्या कौटुंबिक मालिका सुरू झाल्या, ऐकणाऱ्या बहुतेक गृहिणी आणि पैसा साबणवाल्या कंपन्यांचा, म्हणून त्या 'सोप ऑपेरा'. दोन्हीकडे ऑपेरा हा शब्द टोमणा म्हणूनच आहे, म्हणजे आव केवढा आणि माल बघा काय.

हाच टोमणा 1941च्या जानेवारीत विल्सन टकर नावाच्या लेखकानं पुढे ओढला. तो विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी एक छोटंसं हौशी नियतकालिक काढायचा, त्यात त्यानं साधारण असं लिहिलं की वेस्टर्नला हॉर्स ऑपेरा म्हणतात, गृहिणींना रडवणाऱ्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणतात, तर घासून गुळगुळीत झालेल्या, वास मारणाऱ्या त्या अंतराळयानाच्या गोष्टींसाठी आम्ही 'स्पेस ऑपेरा' हा शब्द सुचवतो. (गंमत म्हणजे त्याच वर्षी आयझॅक असिमॉव्हच्या एका कथेत 'रोबोटिक्स' हा शब्द पहिल्यांदा छापून आला, आणि त्याला वाटत होतं की तो आधीपासून वापरात आहेच!)

आता मजा बघा. टकरनं तिथे 'गोष्ट' या अर्थी जो शब्द वापरलाय तो 'यार्न', म्हणजे मूळ अर्थ सूत, धागा. आपल्याकडे लांबत जाणाऱ्या कंटाळवाण्या कहाणीला काय म्हणतात? चऱ्हाट! तेही दोरच. त्यामुळे 1941च्या अर्थानं चोख मराठी हवं असेल तर 'अंतराळी चऱ्हाट' म्हणा, याच्याइतकं जवळ जाणारं मला दुसरं काही सुचत नाही. पण आज हा शब्द कौतुकानं वापरला जातो आणि तिथे चऱ्हाट बिलकुल चालत नाही, खरी अडचण ही आहे.

याच घरातला दुसरा शब्द 'पल्प', त्याबद्दलही कोणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच सांगून टाकतो. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. असल्या करमणुकीच्या कथांची मासिकं स्वस्तातल्या लगद्याच्या कागदावर छापायचे, त्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असायचं म्हणून तो थोड्याच वर्षांत पिवळा पडून कडांना भुगा व्हायचा, आणि कागदाचं नाव मग आतल्या मजकुरालाच चिकटलं. पण 'लगदा साहित्य' म्हणाल तर लोक हसतील, पल्पच ठेवा. ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकानं 1926च्या एप्रिलमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' काढलं ते फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक, आणि त्यानं या प्रकाराला 'सायंटिफिक्शन' असं नाव दिलं होतं जे उच्चारताना जीभ अडखळते, त्यामुळे ते गेलं ते गेलंच. लेखकांना मोबदला शब्दावर, बऱ्याचदा शब्दाला एक सेंट किंवा त्याहून कमी. शब्दावर पैसे असले की विशेषणं कशी फुगतात ते सांगायला नको. त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं यायच्या, मग दर महिन्याला नायकाला कड्यावर लोंबकळत ठेवणं आलंच.

याच 'अमेझिंग'मध्ये 1928च्या ऑगस्टपासून ई. ई. स्मिथची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' आली, जिच्यापासून लोक स्पेस ऑपेराची सुरुवात मोजतात. स्मिथ रसायनशास्त्रातला डॉक्टरेटवाला माणूस, पोटापाण्याला डोनटच्या तयार पिठावर काम करायचा आणि उरलेल्या वेळात आकाशगंगा पालथ्या घालायचा. भाषा भडक, माणसं पुठ्ठ्याची. पण सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा ताराच 4.2 प्रकाशवर्षं लांब आणि आपली आकाशगंगा सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं रुंद, तर प्रकाशाच्या वेगाची अट पाळायची म्हटली की नायक दोन-चार मुक्कामांतच म्हातारा होणार, मग हे लेखक एक बेधडक थाप मारून ती अट मोडून टाकतात आणि पुन्हा मागे वळून बघत नाहीत. मला विचाराल तर लोक शंभर वर्षं याच थापेवर भाळलेत. इंग्रजीत याला 'सेन्स ऑफ वंडर' म्हणतात आणि त्यासाठी आपल्याला नवा शब्द करायची गरजच नाही, रसशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव 'विस्मय' सांगितलाय आणि वीररसाचा 'उत्साह'. हे दोन भाव पूर्ण आंचेवर आणि बाकी सगळं चवीपुरतं, झाला स्पेस ऑपेरा. टकरला नेमकी जी अतिशयोक्ती खुपत होती तीच काढून टाकली तर उरतं काय, यानाच्या दुरुस्तीचं मॅन्युअल.

शिवीचं कौतुक व्हायला वेळ लागला. 'गॅलक्सी' या विज्ञानकथांच्या मासिकानं 1950च्या आपल्या पहिल्याच अंकाच्या मागच्या पानावर एकच गोष्ट दोनदा छापली होती, एकदा घोड्यावर आणि एकदा यानात, आणि वर बजावलं होतं की असलं काही आमच्याकडे मिळणार नाही. मग 1974मध्ये ब्रायन आल्डिस या विज्ञानकथालेखकानं जुन्या कथांचा संग्रह काढला आणि त्याला 'स्पेस ऑपेरा' हेच नाव दिलं, तेही प्रेमानं. 1977मध्ये 'स्टार वॉर्स' आला आणि मग कोणाला लाजायचं कारणच उरलं नाही.

तर मग मराठी शब्द? आजच्या अर्थानं 'अंतराळगाथा' मला बरा वाटतो, त्यात टोमणा नाही पण पसारा आहे, पिढ्या आहेत, लढाया आहेत. 'अवकाशगाथा' मात्र टाळा, अवकाश म्हणजे सवडही होते, 'अजून अवकाश आहे' म्हणतो ना आपण, त्यामुळे ती निवांत बसलेल्या माणसाची गाथा वाटते. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का, इंग्रजी 'ॲस्ट्रोनॉट' म्हणजे ग्रीकमधून नुसता तारे-नाविक, आपण मात्र त्याला सरळ 'अंतराळवीर' करून टाकलं. तो स्थानकात दिवसभर पाण्याचा फिल्टर बदलत बसला तरी वीरच. म्हणजे शब्द मिळायच्या आधीपासून निम्मा स्पेस ऑपेरा आपल्या भाषेत होताच की!

मी स्वतः बोलताना 'स्पेस ऑपेरा'च म्हणतो, पुल्लिंगी. राहता राहिला प्रश्न सामान्यरूपाचा, कारण कॅमेराचं आपण 'कॅमेऱ्यात' केलंय, सोफ्याचं 'सोफ्यावर' केलंय, मग नियमानं 'ऑपेऱ्यात' व्हायला हवं. वर शीर्षकात मीच 'ऑपेरात' लिहिलंय. 'ऑपेऱ्यात' दोनदा लिहून बघितलं, दोन्ही वेळा खोडलं.