सर्व्हर जुना, रिपोर्ट लाल: काय करायचं?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरच्या सिक्युरिटी स्कॅनमध्ये 'सॅक पॅनिक' नावाची त्रुटी आलीय, गंभीरता १० पैकी ७.५. डेटा चोरीला जाईल का? सर्व्हर बंद करू का?

उत्तर: डेटा चोरीला जात नाही हो, पण मशीन बाहेरून पाडता येतं, तेही लॉगिनशिवाय, म्हणून हलक्यात घेऊ नका. ही लिनक्सच्या कर्नलमधली (सिस्टिमच्या गाभ्यातली) चूक, जून २०१९ मध्ये जाहीर झालेली, नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरला सापडलेली. होतं काय की हल्ला करणारा मुद्दाम सेगमेंटची (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाची) साइज इतकी लहान मागतो की डेटाला ८च बाइट उरतात, मग ३२ केबीचे १७ तुकडे ८ ने भागले की ६९,६३२ सेगमेंट, आणि मोजणारा आकडा १६ बिटचा, ६५,५३५ ला संपतो, तिथे कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन कोसळतं.

टीसीपी पोर्ट (नेटवर्क कनेक्शनचं दार) इंटरनेटला उघडं असेल तर आजच टीसीपी सॅक (कोणता डेटा पोचला ते कळवायची सोय) बंद करा, खराब लाइनवर स्पीड थोडा पडेल, चालेल. खरा इलाज कर्नल अपडेटच, आणि रीबूट केल्याशिवाय जुनाच कर्नल चालत राहतो, हे लोक फार विसरतात. नुसता व्हर्जन नंबर बघून घाबरू नका, डिस्ट्रोवाले (उबंटू, रेड हॅटसारखे लिनक्स देणारे) जुन्या नंबरातही पॅच (दुरुस्ती) घालतात, त्यांची सिक्युरिटी नोटीस बघा.