जेवत नाही, पण किती वाजता?

"दुपारचो जेवतच नाय. बिस्किटाचो पुडो दाखवलो की मात्र धावत येता." वेंगुर्ल्याकडच्या एका गावातून साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली होती, सोबत सासूबाई. (घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आईला भूक वाढवणारं टॉनिक हवं होतं. मुलाचं वजन १३ किलो ८००, अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या पट्ट्यात, आणि अंगात रग एवढी की आई बोलत होती तेवढ्यात तो दोनदा खुर्चीवर चढून उतरला. टॉनिकचा विषय बाजूला ठेवून तीन दिवसांची नोंद मागितली. तोंडात जाईल ते सगळं, वेळेसकट. अर्धं बिस्किट असलं तरी लिहायचं.

वही आली तेव्हा फारसं विचारायला उरलंच नाही. सकाळी ७ ला चहात बुडवून चार बिस्किटं. ९ ला आजोबांच्या हातून पाच रुपयांचा पुडा. साडेदहाला कपभर दूध, दोन चमचे साखर घालून. पावणेबाराला रडला म्हणून पुन्हा तीन बिस्किटं. साडेबाराला वरणभात समोर आला आणि "नको". मग "काहीतरी पोटात जाऊदे" म्हणून दोन वाजता आणखी एक पुडा. एवढ्याशा पोटाला पुन्हा भूक लागायला साधारण अडीच तास लागतात. इथे तेवढी फट दिवसभरात एकदाही नव्हती. त्यात चहा लहान मुलांना नकोच, त्यामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

आणखी एक गोष्ट आयांना कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, पुढे वर्षाला दोनेक किलोच वाढतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी भूक कमी दिसणं हा आजार नव्हे.

आधी वेळा बदलल्या, पदार्थ नंतर. ८ ला नाश्ता, साडेदहाला खाऊ (अंगणवाडीत मिळतो तोच, घरचा वेगळा नाही), १ ला जेवण, साडेचारला खाऊ, ८ ला रात्रीचं जेवण. अधेमधे फक्त पाणी. दूध दिवसाला दोन लहान कप, ४०० मिलिलिटरच्या आसपास, तेही खाण्याच्या वेळेलाच. काय आणि कधी ते मोठ्यांनी ठरवायचं, किती ते मुलाने. ताटात उरलं तर उरलं, पण पुढच्या वेळेपर्यंत बदली पदार्थ नाही.

सासूबाईंचा प्रश्न रास्त होता: "रडता, मगे काय करू?" पहिले तीन दिवस तो रडलाच. चौथ्या दिवशी आजोबांनी "एवढंसं" म्हणून अर्धा पुडा दिला आणि पाचव्या दिवशी रडणं दुप्पट झालं. पुरेसं ताणलं की पुडा सुटतो, एवढा हिशेब साडेतीन वर्षांच्या डोक्याला सहज जमतो. म्हणून पुडे घरातून काढले. कपाटावर लपवलेले चालत नाहीत, मुलांना कपाट माहीत असतं.

साडेचारला काय, यासाठी बाजारात जावं लागलं नाही. त्या घरात घावणे होतच होते, त्यात नाचणी आणली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी नाचणीचं, चिमूटभर मीठ आणि ताकासारखं पातळ होईल एवढं पाणी. पहिल्या दिवशी आईने तांदळाएवढीच नाचणी घातली, घावणा उलथताना फाटला. दुसऱ्या दिवशी पीठ दाट राहिलं, जाळी पडली नाही. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर घावण्याआधी ढवळायचं. बिडाचा तवा चांगला तापला की तेलात बुडवलेली कांद्याची अर्धी फोड फिरवायची, कडेकडून पीठ ओतत मध्यावर यायचं आणि झाकण ठेवायचं. मुलाला बशीएवढा एक पुरतो, वर चमचाभर ओलं खोबरं.

बाकीचे दिवस सोपे: एक वेलची केळं, अर्धी वाटी मुगाची उसळ, अर्धं उकडलेलं अंडं, उकडलेलं रताळं, दह्यात भिजवलेले लाल पोहे. फणसाच्या आठळ्या कुकरला मऊ उकडून, सोलून, कुस्करून. कुस्करूनच, कारण आठळी, अख्खा शेंगदाणा, काजू या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाण्याचं कूट चालतं. खाताना मूल बसलेलं हवं, पळत खाणं नको.

फसतात ते घरच्या गोडावर. आंबापोळी, फणसपोळी "फळच तर आहे" म्हणून हातात दिली जाते, पण आटवलेला गोडवा दातांना चिकटून बसतो. कोकम सरबतात कोकमापेक्षा साखर जास्त. नाचणीच्या लाडवात पिठाएवढा गूळ असेल तर ती मिठाईच. विकतच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे मैदा, साखर, पामतेल पहिल्या तिनांत आले की नावात 'नाचणी' असून काय उपयोग?

वजन दोन-तीन महिने जागचं हललं नाही, मूल फिकट दिसलं, माती किंवा खडू खाऊ लागलं, गिळताना त्रास झाला, तर वेळापत्रकात दिवस घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. इथे तसं काही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या वहीत दुपारी एकसमोर लिहिलं होतं: अर्धी मूद वरणभात, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. आजोबांशी तडजोड अशी झाली की पुडा आठवडी बाजाराच्या दिवशी, जेवण झाल्यावर, वाटीत काढून. उरलेला ते स्वतः खातात.