‘यंदा किती दिवस झाले?’

कोलोरॅडोत डिसेंबर उजाडला की हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. ऑफिसात, मुलांच्या शाळेबाहेर, शेजाऱ्यांशी बोलताना. कसले दिवस ते कुणी सांगत नाही, कारण इथे सगळ्यांना ते ठाऊक असतं. या हंगामात स्कीइंगला किती दिवस गेलात, असा त्याचा अर्थ. कुणी बारा म्हणतं, कुणी तीस.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले गृहस्थ या प्रश्नाला कित्येक वर्षं ‘अजून हंगाम बराच आहे’ असं उत्तर देत होते. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय त्रेचाळीस, मूळचे सांगलीचे, डेन्व्हरला येऊन चौदा वर्षं झालेली. गाडीच्या टपावर स्की ठेवायचा रॅक, गॅरेजच्या भिंतीवर स्कीच्या दोन जोड्या, व्हॉट्सअॅपवर बर्फातला फोटो. सांगलीत आई शेजारणींना तो फोटो दाखवून सांगायची, ‘आमचा मुलगा बर्फावरून घसरत जातो.’ दर वर्षी ते हंगामाचा पास घ्यायचे. आदल्या वर्षी त्या पासावर ते दोनदा गेले होते आणि त्याच्या आदल्या वर्षी एकदा.

एका रविवारी बायको बोलून गेली, ‘तुला स्कीइंग नाही आवडत, तुला पास आवडतो.’ ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘ताई, मी इतकी वर्षं सगळ्यांना खोटं सांगतोय का?’

हा प्रश्न घेऊन पुष्कळ जण येतात. कुणाचं स्कीइंग असतं, कुणाचं गाणं, कुणाचं सह्याद्रीत भटकणं. आवड आहे असं सांगायचं आणि करायचं मात्र नाही, याची लाज ते आतल्या आत वाहत असतात. म्हणून आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती मी यांच्याबाबतीतही तपासली. एकाच गोष्टीतला रस गेलाय की सगळ्यातलाच? झोप, भूक, मुलांशी खेळणं, मित्रांचे फोन, यातलंही काही नकोसं वाटतंय का? सगळंच बेचव झालं असेल आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर प्रश्न छंदाचा राहत नाही. ते नैराश्य असू शकतं आणि मग डॉक्टरांना भेटायलाच हवं. यांचं तसं नव्हतं. जेवणखाण, काम, मुलीचा अभ्यास, सगळं नीट चाललं होतं. अडलं होतं ते बर्फापाशी.

सुरुवातीला माझा अंदाज चुकला, तेही सांगते. मला वाटलं, इथे गाठ आहे ती पैशाची आणि सोयीची.

तसं वाटायला कारण होतं. डेन्व्हरहून डोंगरात जायला आय-७० हा एकच मोठा रस्ता. शनिवारी सकाळी सहाच्या आत घर सोडलं नाही तर गाड्यांच्या रांगेत तासन्तास जातात आणि संध्याकाळी परतताना तेच. बरोबर लहान मूल, त्याचे बूट, त्याचा एक हातमोजा हमखास हरवलेला. दुसरीकडे पास मात्र बर्फ पडायच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो. एकाच पासावर अनेक रिसॉर्टांत स्कीइंग करता येणारे पास निघाले, २००८ मध्ये एपिक आणि २०१८ मध्ये आयकॉन, आणि हंगामाआधीच पास घेऊन ठेवायचं हे इथल्या मध्यमवर्गीय घरांत रुळलं. मोठ्या रिसॉर्टांत खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या पुढे गेलेलं, त्यामुळे चार-पाच दिवस गेलात तरी पास वसूल होतो, हा हिशेब प्रत्येकाच्या तोंडी. हे गृहस्थही पास घेताना तो हिशेब मांडायचे आणि वर म्हणायचे, ‘हौसेला मोल नसतं.’

गंमत अशी की पैसे भरल्यावर माणूस कसा वागतो, यावरचा एक गाजलेला प्रयोग स्कीइंगवरच बेतलेला आहे. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी लोकांना एक कल्पित प्रसंग दिला. तुम्ही मिशिगनच्या स्की सहलीचं १०० डॉलरचं तिकीट काढलंय आणि नंतर विस्कॉन्सिनच्या सहलीचं ५० डॉलरचं. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतंय. मग लक्षात येतं की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि तिकीट परत करता येत नाही. कुठे जाल? ६१ जणांपैकी ३३ जणांनी मिशिगन निवडलं, म्हणजे कमी आनंदाची पण जास्त पैशांची सहल. गेलेला पैसा माणसाला असा ओढून नेतो.

मग यांना का नेत नव्हता? दिलीप सोमण आणि जॉन गूरव्हिल या संशोधकांनी २००१ च्या अभ्यासात दाखवलं की चार दिवसांची चार वेगळी तिकिटं घेतलेला माणूस आणि चार दिवसांचा एकच पास घेतलेला माणूस सारखे वागत नाहीत. पासवाला शेवटचा दिवस सहज सोडून देतो. वेगळ्या तिकिटावर त्या दिवसाची किंमत दिसते. पासात ती विरघळून जाते, आज नाही गेलो तर नेमकं काय बुडालं हे बोट ठेवून सांगता येत नाही. आणि उन्हाळ्यात भरलेले पैसे जानेवारीपर्यंत मनातून पुसट झालेले असतात.

मला हे त्यांच्यावर तंतोतंत बसतं असं वाटलं. आम्ही दोन तारखा ठरवल्या, दोन्ही मंगळवार. रस्ता मोकळा, सुट्टी टाकलेली, मुलगी शाळेत. दोन्ही वेळा ते गेले नाहीत. एकदा मीटिंग आली, एकदा गुडघा दुखला.

दुसऱ्यांदा ते सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी त्यांना आणखी एक हार दिली होती. तारखा ठरवण्याची माझी घाईच झाली. ज्याला जायचंय पण जमत नाही, त्याला वेळापत्रक उपयोगी पडतं. यांचा अडसर दुसराच होता.

मग मी ‘तुम्हाला स्कीइंग आवडतं का’ हे विचारणंच सोडलं. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे पाठ होतं. त्याऐवजी म्हटलं, ‘पहिला दिवस सांगा. पहाटेपासून.’

त्यांनी सांगितला. अमेरिकेतला दुसरा हिवाळा. खोलीतला सोबती साताऱ्याचा. दोघांकडे मिळून एकच धड जाकीट. लव्हलँड या स्की रिसॉर्टला गेले, कारण ते आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे आहे, म्हणून जवळचं आणि बाकीच्यांपेक्षा स्वस्त. भाड्याचे बूट. डेन्व्हर मैलभर उंचीवर, ५,२८० फुटांवर, आणि हा पायथाच साडेदहा हजारांच्या वर, चार पावलं टाकली की धाप. शिकवणी परवडत नव्हती, म्हणून शेजारच्या लहान मुलांच्या वर्गात काय सांगतायत ते ऐकत शिकले. ‘पिझ्झा’ म्हणजे स्कीची टोकं जुळवून पाचर करायची, की वेग कमी होतो. ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणजे दोन्ही स्की समांतर, की सुटलात. दिवसभर दोघं पडत होते. एकदा हे गृहस्थ तिरके घसरत जाऊन सोबत्यालाच धडकले आणि दोघं बर्फात पालथे पडून इतके हसले की गस्तीवाला विचारपूस करायला आला.

हे सांगताना ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. हात हलत होते. इतक्या भेटींत असे ते मला प्रथमच दिसले.

‘किती वेळा पडलात?’

‘कोण मोजतंय!’

‘आणि गेल्या वर्षी गेलात तेव्हा?’

ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘पडलो नाही. पडायला नको म्हणून तीन फेऱ्या करून आत येऊन बसलो.’

आणि मग ते सगळं बाहेर आलं. ऑफिसात त्यांनी कधीतरी सांगून ठेवलं होतं की आपण काळ्या चौकटीच्या, म्हणजे अवघड उतारांवर जातो. एके काळी सोबत्याच्या मागे दोन-तीनदा गेलेही होते. सोबती नोकरी बदलून पुण्याला परतला, मग मुलगी झाली, मग घराचं कर्ज. आज त्यांना निळ्या, मध्यम उतारावरसुद्धा पोटात गोळा येतो. पाय मोडला तर सहा आठवडे घर कसं चालेल हा विचार उतारावर उभं राहिलं की येतो. आणि कुणी ओळखीचं बघेल, ही त्याहून मोठी धास्ती. म्हणजे घरी राहिलं की ते स्कीअर होते. डोंगरावर गेलं की नव्हते.

रॉबर्ट विकलंड आणि पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास या स्वभावावर बरंच काम केलं. एखादी ओळख आपल्याला हवी असते आणि तिच्यात आपण उणे आहोत असं आत कुठेतरी वाटत असतं, तेव्हा माणूस त्या ओळखीच्या खुणा जास्त घट्ट धरतो. टपावरचा रॅक, फोटो, पास. बाहेरून ते मिरवणं वाटतं. मला त्यात धडपड दिसते. ती व्यक्ती आपल्या एका चांगल्या काळाला हात सोडू देत नसते. म्हणून ‘तुला पास आवडतो’ हे बायकोचं वाक्य अर्धं खरं असूनही इतकं लागलं.

त्यांना मी तेव्हा सांगितलं ते माझं आजही ठाम मत आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. तुमची आवड खरी आहे, पण ती ज्या दिवसांशी बांधलेली आहे त्यात सोबती होता, कुणी बघत नव्हतं आणि पडणं हा खेळाचाच भाग होता. त्यातलं काय आज परत मिळण्यासारखं आहे, ते शोधू. सोबती पुण्यातून येणार नाही. पडायची मोकळीक मात्र मिळवता येईल.

त्यासाठी आधी एका माणसाला खरं सांगायचं होतं. त्यांनी बायकोला निवडलं आणि ती बोलणी माझ्यासमोर झाली. ते म्हणाले, ‘मला भीती वाटते गं, म्हणून मी टाळतो.’ ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटायचं, तुला आमच्याबरोबर यायचा कंटाळा येतो.’ आणि मग तिचंही निघालं. प्रत्येक वेळी ती लॉजमध्ये सगळ्यांची जाकिटं आणि पुऱ्यांचा डबा सांभाळत बसायची. अकरा वर्षांत तिला कुणी ‘तू शिकणार का’ असं विचारलंही नव्हतं. हे ऐकताना त्यांची मान खाली गेली. त्या तासात मी फार थोडं बोलले, गरजच पडली नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते एकटे लव्हलँड व्हॅलीला गेले. लव्हलँडचा हा नवशिक्यांसाठीचा वेगळा भाग आहे. त्याआधी जुनी स्की दुकानात दाखवली, तर दुकानदारानं बाइंडिंगला हात लावायला नकार दिला. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की जोडणारा खटका, पडल्यावर तो वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो. फार जुनी झालेली बाइंडिंग कंपनीच्या मान्य यादीतून निघते आणि मग दुकानं ती जुळवून देत नाहीत. बूटही एक माप मोठे निघाले. भाड्यानं घेतले होते तसेच पुढे विकतही घेतले होते. इतकी वर्षं पाय बुटात हलत होता आणि स्की हवी तशी वळत नव्हती. हे गृहस्थ समजत होते की आपल्यालाच जमत नाही.

त्यांनी मोठ्यांच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं. प्रशिक्षिकेनं ‘आधी केलंय का’ विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘पूर्वी. आता पहिल्यापासून शिकवा.’ हे वाक्य उच्चारायला उतारावरून खाली येण्यापेक्षा जास्त धीर लागला असं त्यांनी मला सांगितलं, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. चार तास होते. पाच वेळा पडले, या वेळी त्यांनी मोजलं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही आणि व्हावं असा माझा आग्रहही नाही. अशाच तक्रारीनं आलेल्या एक बाई पहिला दिवस सांगताना उताराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पाइनच्या झाडांवरून सुटणारा बर्फ, पहाटेची शांतता, गरम कोकोचा कप, एवढंच. त्यांना वेग कधी आवडलाच नव्हता. त्यांनी शरद ऋतूत जुन्या सामानाच्या विक्रीत स्की देऊन टाकली आणि बर्फात चालायचे रुंद स्नोशूज घेतले. आता त्या दर पंधरवड्याला जातात. स्की देताना त्या रडल्या होत्या. आपण स्वतःबद्दल धरलेली एखादी कल्पना सोडतानाही दुःख होतं, ते होऊ द्यावं.

तुमचंही असं काही कोपऱ्यात पडलेलं असेल, तर स्वतःला ढोंगी ठरवायच्या आधी त्याचा पहिला दिवस कुणाला तरी नीट सांगून बघा. आणि शेवटचाही. दोन्हींत काय वेगळं आहे ते ऐकणाऱ्याला बहुधा आधी कळतं, म्हणून सांगायला माणूस हवा.

त्या हिवाळ्यात हे गृहस्थ एकूण तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बायको प्राथमिक वर्गात होती आणि डबा, जाकिटं घेऊन लॉजमध्ये ते बसले होते. पुढच्या हंगामाच्या पासाची मेल आली तेव्हा त्यांनी तो घेतला नाही, सुटी तिकिटं घ्यायची ठरवली. मार्चमध्ये ऑफिसात कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘तीन,’ ते म्हणाले. विचारणाऱ्याचे सव्वीस झाले होते. तो ‘छान’ म्हणाला आणि कॉफी घेऊन आपल्या जागेवर गेला.