फ्लॅट राहू द्या, आधी त्या पॉलिसीचं बघा

प्रश्न: वय 34. एका दैनंदिन मालिकेत दीड वर्षापासून मोठ्या दिराची भूमिका करतो. दिवसाचे 8,000, महिन्याला साधारण 20 दिवस. पैसे 90 दिवसांनी मिळतात. घरखर्च 70,000, त्यातलं भाडं 28,000. पत्नी घरी असते, मुलगी चार वर्षांची. शिल्लक 20 लाख. बोरिवलीत 95 लाखांचा फ्लॅट बघितलाय. 75 लाखांचं कर्ज, हप्ता 65,000. पुढच्या वर्षी मानधन दुप्पट होईल. आठ महिन्यांपूर्वी बँकेतून वर्षाला 6 लाख हप्त्याची विमा पॉलिसीही घेतली आहे. फ्लॅट घ्यावा का?

उत्तर: नाही. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलेलं ते पॉलिसीचं वाक्य फ्लॅटपेक्षा जास्त काळजीचं आहे.

पत्रासोबतचा कागद पाहिला. 10 वर्षं 6-6 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 1 कोटी 20 लाख घ्यायचे. पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. 'करमुक्त' असं तुम्हाला सांगितलं, ते साफ चुकीचं आहे. 1 एप्रिल 2023 नंतरच्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या नटाच्या गळ्यात 10 वर्षांचा हप्ता मारणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता महिन्याचा हिशेब. 1 लाख 60 हजारांतून 10 टक्के टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा कर, गेला की हातात 1 लाख 44 हजार. टीडीएसमधलं काही परत मिळालंच, तर ते विवरणपत्र भरल्यावर. भाडं सोडून खर्च 42,000, पॉलिसीचे 50,000, फ्लॅटचे 65,000. बेरीज 1 लाख 57 हजार. मालिका जोरात चालू असताना ही तूट! शिवाय मुद्रांक शुल्काचे पावणेसहा लाख तुम्ही धरलेलेच नाहीत.

मानधन दुप्पट होईल असं करारात कुठेही लिहिलेलं नाही. टीआरपी घसरला की आधी दिराचाच ट्रॅक संपतो. त्यानंतरही तीन महिने जुने चेक येत राहतात, त्यामुळे उत्पन्न थांबलंय हे घरात उशिरा जाणवतं. मी हे फार जवळून पाहिलंय.

पॉलिसीच्या दुसऱ्या हप्त्याचं ऑटो-डेबिट आत्ताच थांबवा. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष संपलं की विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावरची रक्कम, मिळतं. किती, ते कंपनीकडून लेखी घ्या. मोठा कट लागेल, वाईट वाटेल. पण 6 वाचवायला आणखी 54 लाख घालू नका.

20 लाखांतले साडेआठ लाख, म्हणजे वर्षभराचा खर्च, मुदत ठेवीत वेगळे ठेवा. दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजारांत मिळावा. तिघांचा आरोग्य विमा याच महिन्यात घ्या, कारण पाय मुरगळून सेटवर गेला नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, वर दवाखान्याचं बिल. तुमची वार्षिक मिळकत 19 लाखांवर आहे. दोन-तीन कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतल्या की 20 लाखांची मर्यादा ओलांडाल आणि जीएसटी नोंदणी लागेल. सीएला आधीच सांगून ठेवा.

फ्लॅटचं पुढची मालिका मिळाल्यावर, तिच्या करारासकट लिहा.