पहिल्या चित्रपटाच्या करारासाठी वकील करावा का? आणि कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकांकिका स्पर्धेत गाजली, एका निर्मात्याने तिचे चित्रपट-हक्क मागितले, बारा पानी इंग्रजी करार पाठवला आणि शुक्रवारपर्यंत सही हवी म्हणाला. घरचे म्हणतात, ओळखीतल्या वकिलाला दाखव आणि सही करून मोकळा हो. शिवाय धाकटा भाऊ कबड्डी खेळतो, त्यालाही एका एजन्सीने पाच वर्षांचा करार धाडलाय. दोघांत मिळून एकच वकील चालेल का, आणि खर्च किती?

वकील कराच. फक्त ओळखीतला आहे म्हणून करू नका. मी तसा केला होता.

माझा मामा साताऱ्याच्या कोर्टात चाळीस वर्षं जमिनीच्या दाव्यांत मुरलेला. सातबारा, फेरफार, वहिवाट यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. माझ्या पहिल्या कथेचा करार त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं, प्रत्येक पानावर सही करायला लावली. हक्क ‘संपूर्ण विश्वात’ देतोय असं लिहिलेलं पाहून "मंगळावर पण लावणार काय रे सिनेमा?" म्हणून हसला. पैसे घेतले नाहीतच, वर मामीने जेवायला थांबवून घेतलं. मी सही केली.

सिनेमा झालाच नाही. निर्मात्याने दुसरा विषय हाती घेतला आणि माझी कथा कपाटात गेली. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४) प्रमाणे, हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतर संपुष्टात येतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. तसं कलम खरंच आहे. त्या भरवशावर चार वर्षांनी मी अंधेरीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी करार उघडला, भराभर पानं उलटून सातव्यावर थांबल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं: कलम १९(४) या कराराला लागू होणार नाही. ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ ही मुभा कायद्यातच आहे, आणि आमचं वेगळं ठरलं होतं, दीड ओळीत. मामाने ती ओळ वाचली नव्हती असं नाही, पण त्याच्या लेखी तो नेहमीचा मजकूर होता. त्याला काय बोल लावणार? विहिरीचे वाद सोडवणाऱ्याकडे सिनेमा घेऊन मीच गेलो होतो. शेवटी घेतलेले पैसे परत करून, गहाण दागिना सोडवावा तशी कथा सोडवून आणली.

त्याच बाईंनी माझ्या पुढच्या करारावर मोजक्या खुणा केल्या. चोवीस महिन्यांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क माझ्याकडे परत, आणि घेतलेले पैसे परत करायचे नाहीत. हक्क फक्त एका मराठी चित्रपटाचे; रिमेक, वेब मालिका, डबिंग यांचं वेगळं बोलायचं. (करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘विश्वभर’ हे शब्द एवढ्या हौसेने घातलेले असतात.) पुढे दुसरा लेखक आणला तरी ‘कथा’ म्हणून माझं नाव पडद्यावर आणि पोस्टरवर राहील. सगळ्यात मोठी खूण नुकसानभरपाईच्या कलमावर होती. कथेवरून कोणी दावा लावला तर निर्मात्याचं होईल तेवढं नुकसान मी भरून द्यायचं, असं त्यात होतं. बाईंनी मर्यादा घातली: मला मिळालेल्या मानधनाएवढंच. दोन लाख घेऊन दोन कोटींची हमी देत होतो मी!

तुमच्या बाबतीत आणखी एक जागा आहे. ‘सर्व हक्क’ असं लिहिलं असेल तर एकांकिकेच्या प्रयोगाचे हक्कही त्यात जातात. उद्या तुमच्याच ग्रुपला प्रयोग करायचा झाला तर निर्मात्याची परवानगी काढत बसाल. रंगभूमीचे हक्क तुमच्याकडे राहतील, हे स्पष्ट लिहून घ्या.

आणि वकिलाकडे जाण्याआधी घरचा अभ्यास करा, कारण चांगला वकील पहिला प्रश्न विचारेल तो करारावरचा नसेल. ही एकांकिका लिहिली कोणी? तालमीत सुचलेले संवाद कोणाचे? ती एखाद्या प्रसिद्ध कथेवरून बेतलेली आहे का, आणि लेखकाची किंवा वारसांची परवानगी फक्त स्पर्धेच्या प्रयोगापुरती होती का? कॉलेजच्या एकांकिकांत हा घोळ हमखास असतो. तसं असेल तर चित्रपटाचे हक्क विकायला ते मुळात तुमच्याकडे नाहीतच, आणि ते वरचं भरपाईचं कलम तुमच्याच गळ्याशी येईल. संहितेचा खर्डा, तारखा, जुने ईमेल, परवानगीचं पत्र सगळं बरोबर न्या. संहिता स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ऑनलाइन नोंदवता येते. नोंदणीने हक्क मिळतो असं नाही, तो लिहिल्याक्षणीच असतो. पण तारखेचा पुरावा राहतो.

आता असा वकील शोधायचा कुठे? गूगलवर ‘नंबर वन एंटरटेनमेंट लॉयर’ टाकून नव्हे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, तेव्हा जो स्वतःला नंबर वन म्हणतो त्याच्याबद्दल तिथेच शंका घ्या. ज्यांचे दोन-तीन करार होऊन गेलेत अशा लेखकांना, गीतकारांना विचारा. वकील कोण एवढंच विचारू नका, त्याने करारात काय बदललं ते विचारा. ‘काही नाही, सगळं ठीक होतं’ असं उत्तर आलं तर पुढे चला. ‘लीगल कन्सल्टंट’ असं कार्ड असेल तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आहे का ते विचारायला लाजू नका. आणि पहिल्याच फोनवर विचारा: या निर्मात्याचं किंवा त्याच्या भागीदारांचं काम तुम्ही करता का? अंधेरी ते गोरेगाव हे गाव फार लहान आहे. ‘आमचेच वकील तुम्हाला समजावून सांगतील’ हे निर्मात्याचं वाक्य प्रेमाने ऐका आणि सोडून द्या.

फी म्हणाल तर मी त्या दुसऱ्या कराराचे अठरा हजार दिले. त्यात वाचन, खुणा आणि निर्मात्याच्या वकिलाशी दोनदा बोलणं आलं. तासावर पैसे घेणाऱ्या मोठ्या फर्म तुम्हा-आम्हाला परवडत नाहीत. ठोक रक्कम आणि त्यात काय-काय येतं ते ईमेलवर घ्या. प्रकरण कोर्टात गेलंच, तर निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायला वकिलाला बंदी आहे. ‘आत्ता काही नको, जिंकलो की तीस टक्के द्या’ म्हणणारा माणूस पहिल्या दिवशीच नियम मोडतोय.

भावाचा करार तोच वकील वाचू शकेल, वाचायची पद्धत तीच. फक्त तिथे पाहायच्या जागा वेगळ्या. एजन्सीचं कमिशन कशावर? ‘सर्व उत्पन्नावर’ असेल तर लीगच्या पैशांबरोबर उद्या पोलीस किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली, तर त्या पगारावरही हात पडू शकतो. मुदत संपल्यावरही एजन्सीचा पहिला हक्क, अशी अट बहुधा असेलच. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या करारात ती होती: करार संपल्यावर दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढंच दिलं तर आमच्याकडे राहा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीरच्या बाजूने कौल दिला. मुदतीनंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. पण त्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. तुमच्या भावाने ती ओळ आत्ताच खोडून घ्यावी. तो अठराच्या आतला असेल तर त्याची सही त्याला बांधत नाही, म्हणून एजन्सी वडिलांना सही करायला लावेल. मग भरपाईचं कलम वडिलांच्या डोक्यावर.

डोपिंगची नोटीस आली तर मात्र हा वकील पुरणार नाही. तिथे उत्तराची मुदत दिवसांत मोजतात आणि ‘नाडा’समोर, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेसमोर, उभं राहिलेलाच माणूस लागतो.

शुक्रवारचं काय? निर्मात्याला आजच लिहा: करार वकिलांना दाखवतोय, दहा दिवस द्या. माझ्या दुसऱ्या निर्मात्याने जेमतेम ‘ओके’ एवढंच उत्तर दिलं होतं. फक्त तोवर त्याने पाठवलेलं ‘टोकन’ यूपीआयवर घेऊ नका, चेक आला असेल तर बँकेत भरू नका आणि व्हॉट्सॲपवर ‘डन’ म्हणू नका. नाहीतर वकील खुणा करत बसेल आणि समोरचा म्हणेल, व्यवहार तर केव्हाच ठरलाय.