पहिलं ऑइल स्वतः बदलताना

जुनी माझदा एमएक्स-५ घेतलीस ना, मग पहिली सर्व्हिस घरीच कर. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नकोस. गाडीचं वजन पेलणारे जॅक-स्टँड लाव, गाडी हलवून बघ, मगच खाली जा. इंजिन कोमट असताना ऑइल पटकन निथळतं. ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली दडलेला असतो. उजवं पुढचं चाक काढलंस की हात पोचतो. जुन्या फिल्टरचा रबरी वॉशर इंजिनला चिकटून राहिलाय का, हे बोट फिरवून बघच. माझा एकदा राहिला आणि इंजिन सुरू करताच अंगणभर ऑइल झालं. नव्या वॉशरला थोडं ऑइल चोपड, फिल्टर हातानेच आवळ. ड्रेन प्लगला, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या तळाच्या बोल्टला, मात्र टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना) हवाच, 30 ते 41 न्यूटन-मीटर. खाली आहेसच तर दारांखालच्या पट्ट्यांवर गंजही तपासून घे.